‘लाइन’ म्हणजे कोणती?

छत्रपती संभाजीनगर शहरातून अहिल्यानगर-पुण्याकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागले, की छावणीचा भाग मागे पडतो आणि काही अंतरावर वाळूजची औद्योगिक वसाहत सुरू होते. ह्या शहराचे नाव २०२३ पर्यंत औरंगाबाद असे होते. वाळूज येथे १९८५ साली बजाज ऑटो ह्या कंपनीचा कारखाना सुरू झाला. त्याच्या आसपास लहानमोठे अनेक कारखाने उभे राहिले. त्यांत काम करणाऱ्या माणसांची जी वस्ती वाढली, तिला बजाजनगर हे नाव पडले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, खानदेशातून आणि विदर्भातून माणसे येथे राहावयास आली. प्रत्येकाची बोली थोडी निराळी. परंतु एक परका शब्द येथे सर्वांच्या तोंडी सारखाच बसला आहे. तो शब्द म्हणजे ‘लाइन’.

बजाजनगरातील कोणताही एक दिवस घ्यावा. पहाटे कोरड्या नळाकडे पाहून एखादी गृहिणी म्हणते, “आज पाणी नाही. लाइन फुटली आहे.” थोड्या वेळाने घरातील दिवे विझतात आणि मुले ओरडतात, “लाइन गेली!” कारखान्याच्या बसची वाट पाहणारा एक कामगार दुसऱ्यास विचारतो, “सध्या कोणत्या लाइनला आहेस?” शिधावाटपाच्या दुकानापुढे कोणी तरी दरडावतो, “लाइनीत या, मध्ये घुसू नका.” शाळेत गुरुजी सांगतात, “एक लाइन सोडून लिहा.” दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलीस पाहुणे विचारतात, “आता कोणती लाइन घेणार?” दूरध्वनीवरून बोलणारा मध्येच थांबतो आणि म्हणतो, “लाइन तुटली.” आणि रात्री, उनाडक्या सोडून अभ्यासाला लागलेल्या नातवाकडे कौतुकाने पाहत आजी म्हणते, “पोरगा आता लाइनीवर आला!”

एका दिवसात हा शब्द आठ ठिकाणी आला आणि आठही ठिकाणी त्याचा अर्थ निराळा झाला. पाण्याची नळवाट, विजेचा प्रवाह, कारखान्यातील जुळणीची साखळी, माणसांची रांग, वहीतील ओळ, शिक्षणाची शाखा, बोलण्याचा दुवा आणि वागण्याचा योग्य मार्ग, हे सारे अर्थ एकाच शब्दाने वाहिले. तरीही ऐकणाऱ्याचा कोठे घोटाळा झाला नाही. “लाइन गेली” असे ऐकून कोणी शिधावाटपाच्या दुकानाकडे धावला नाही. असे का व्हावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शब्दाच्या मुळाशी जावयास हवे.

लॅटिन ही प्राचीन रोमन लोकांची भाषा. त्या भाषेत जवसाला ‘लिनुम’ असे म्हणत. जवस म्हणजे अळशी. मराठवाड्यात भाकरीबरोबर जिची चटणी आवडीने खातात, तीच ही वनस्पती. तिच्या बियांपासून तेल निघते, आणि तिच्या देठांतील धाग्यांपासून सूत काढता येते. जवसाच्या सुताच्या दोरीला रोमन लोक ‘लिनेआ’ म्हणत. ही दोरी दोन टोकांना ताणून धरली, की सरळ रेषा मिळे. पुढे दोरीचे नाव रेषेलाही मिळाले आणि काही शतकांनी त्यातून इंग्रजीतील ‘लाइन’ हा शब्द तयार झाला. ज्याला ‘लिनन’ म्हणतात ते कापड आणि कपड्याच्या आतील बाजूस शिंपी लावतो ते ‘लायनिंग’, हे शब्दही ह्याच मुळापासून निघाले आहेत.

म्हणजे ‘लाइन’ ह्या शब्दाच्या पोटात मुळात एकच चित्र आहे : दोन टोकांच्या मध्ये ताणलेले सूत. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले, म्हणजे वरील अर्थांची संगती लागते. नळवाट ही धरणापासून घरापर्यंत ताणलेल्या सुतासारखी आहे. विजेची तार तर दिसावयासही सुतासारखीच असते. एकामागे एक उभी राहिलेली माणसे दुरून पाहिली, तर तीही सुतात ओवल्यासारखी दिसतात. वहीतील ओळ, शिक्षणाचा मार्ग, फोनवरून जोडली गेलेली दोन माणसे, ह्या सर्वांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारे काही तरी आहे. आजीच्या बोलण्यातील ‘लाइनीवर येणे’ म्हणजे ताणलेल्या सुताशी जुळते होणे. भिंत बांधताना वाकडी बसलेली वीट गवंडी हलकेच ठोकून दोरीला आणतो, त्यासारखाच हा प्रकार होय.

गवंड्याची ती दोरी पाहण्यासारखी असते. विटांचा थर सरळ यावा म्हणून तो दोन्ही कोपऱ्यांना खिळे ठोकून त्यांत दोरी ताणून बांधतो. तिला अनेक गवंडी ‘लाइनदोरी’ म्हणतात. पहिला शब्द इंग्रजी, दुसरा मराठी. आणि मुळाकडे पाहिले तर दोहोंचा अर्थ एकच! हजारो कोसांवर जन्मलेला शब्द आपल्या जुन्या भावंडास भेटावा, तसे हे झाले आहे.

सुतावरून शब्द घडविण्याची कल्पना काही रोमन लोकांचीच नव्हती. भारतात कापसाचे सूत होते, आणि त्या सुतानेही असेच शब्द जन्मास घातले. संस्कृतात ‘सूत्र’ म्हणजे धागा. थोडक्या शब्दांत सांगितलेला नियम हाही ‘सूत्र’ झाला, कारण त्यात अनेक विचार ओवलेले असतात. मोजणीचे सूत हाती धरणारा तो ‘सूत्रधार’, आणि ह्याच शब्दापासून मराठीतील ‘सुतार’ हा शब्द आला. सुतार लाकडावर माप घेतो तेव्हा इंचाच्या आठव्या भागाला तो आजही ‘सूत’ म्हणतो. सरळ वागणाऱ्या माणसास ‘सुतासारखा सरळ’ म्हणतात, आणि दोघांचे चांगले जुळले म्हणजे त्यांचे ‘सूत जमले’ असे म्हणतात. माणसे निराळी, भाषा निराळ्या, वनस्पतीही निराळ्या. परंतु ताणलेल्या धाग्याकडे पाहून माणसाच्या मनात आलेला विचार मात्र सारखाच होता.

आता हा परका शब्द मराठीत कसा शिरला ते पाहू. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील प्रवाशांची पहिली आगगाडी धावली आणि रेल्वेबरोबर ‘लाइन’ हा शब्द गावोगाव पोचू लागला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, निझामाच्या राजवटीत, मनमाडपासून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग तयार झाला, तेव्हा तो ह्या भागातही आला. दुसरी वाट लष्कराची होती. छावणीत शिपायांची घरे ओळीने बांधलेली असत, म्हणून त्या वस्तीलाच ‘लाइन’ म्हणू लागले. ‘पोलीस लाइन’ हे नाव अनेक गावांत ऐकू येते ते त्यामुळेच. नागपुरातील ‘सिव्हिल लाइन्स’ ह्या भागाच्या नावातही हाच शब्द आहे. तेथे मात्र शिपायांची नव्हे, तर मुलकी अधिकाऱ्यांची घरे होती.

तिसरी वाट कारखान्याची. अमेरिकेत १९१३ साली हेन्री फोर्ड ह्यांच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात मोटारींची जुळणी नव्या रीतीने होऊ लागली. पूर्वी मोटार एका जागी उभी असे आणि कामगार तिच्याभोवती फिरत. आता कामगार आपापल्या जागी उभे राहिले आणि मोटारीचा सांगाडा त्यांच्यापुढून सरकू लागला. प्रत्येकाने आपल्यापुढे येईल तेवढा एकच भाग बसवावयाचा. जो सांगाडा जुळविण्यास पूर्वी सुमारे साडेबारा तास लागत, तो थोड्याच काळात सुमारे दीड तासात जुळू लागला. ह्या सरकत्या मांडणीलाच कारखान्यातील माणसे ‘लाइन’ म्हणतात. वाळूजच्या कामगाराने ज्या लाइनचे नाव घेतले, तिचा उगम हा असा आहे.

शब्द परका असला, तरी मराठीने त्याला आपल्या रीतीने वागविले आहे. इंग्रजीत ह्या शब्दाला स्त्रीलिंग-पुल्लिंग असा भेद नाही. मराठीत मात्र ‘लाइन गेली’, ‘लाइन तुटली’ असे स्त्रीलिंगी रूपच होते. ओळ, रांग, रेघ, तार हे जुने शब्द स्त्रीलिंगी आहेत; नवी आलेली ‘लाइन’ बहुधा त्यांच्या पंक्तीस बसली. तिला ‘लाइनीत’, ‘लाइनीवर’ असे प्रत्ययही लागले. दुसऱ्याच्या घरून आलेली वस्तू वापरता वापरता आपल्या घरची होते, तसेच शब्दाचेही होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आठ अर्थ असूनही ऐकणाऱ्याचा घोटाळा का होत नाही? कारण शब्द एकटा कधीच बोलत नाही. शेजारचे शब्द त्याचा अर्थ ठरवितात. ‘फुटली’ म्हटले की ती नळवाट, ‘घुसू नका’ म्हटले की ती रांग, ‘सोडून लिहा’ म्हटले की ती वहीतील ओळ. शेजारच्या शब्दांनी भागले नाही, तर जागा आणि वेळ साहाय्यास येतात. दिवा विझलेल्या घरात “लाइन गेली” असे म्हटले, की दुसरे काही सांगावे लागत नाही. बोलणारा आणि ऐकणारा एकाच जागी असतात आणि एकच गोष्ट पाहत असतात. त्यामुळे अपुरे वाक्यही पुरेसे होते.

परंतु बोलणारा एका जागी आणि ऐकणारा दुसऱ्या जागी असेल, तर? तेथे मात्र हा सोपा शब्द कसोटीस लागतो. कधी कधी त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

समजा, कारखान्यातील सरकती लाइन बिघडली आहे आणि ती दुरुस्त करण्यासाठी एका कारागिरास बोलाविले आहे. कोणी त्याला दुरून सांगितले, “लाइन बंद आहे, हात घाल.” सांगणाऱ्याच्या मनात एवढेच आहे, की साखळी सरकावयाची थांबली आहे. ऐकणाऱ्याची समजूत होते, की वीज बंद केली आहे. थांबलेले यंत्र आणि वीज तोडलेले यंत्र ह्यांत दिसावयास काहीच फरक नसतो. परंतु एकात हात घालणे सुरक्षित असते आणि दुसऱ्यात घातक. म्हणून चांगल्या कारखान्यांत अशा वेळी तोंडच्या शब्दावर विसंबत नाहीत. कारागीर स्वतः मुख्य खटका बंद करतो, त्याला आपले कुलूप लावतो आणि ‘काम चालू आहे, खटका लावू नये’ अशी पाटी तेथे अडकवितो. किल्ली त्याच्याच खिशात राहते.

विजेच्या खांबावर चढणाऱ्या लाइनमनचे कामही असेच जोखमीचे आहे. ज्या तारांवर त्याला काम करावयाचे असते, त्यांतून अनेक ठिकाणी ११,००० व्होल्ट दाबाचा प्रवाह वाहत असतो. खांब एकीकडे, आणि प्रवाह सोडणारे उपकेंद्र कित्येक किलोमीटर दूर. खांबावरील माणूस उपकेंद्रातील माणसास दिसत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी लेखी परवाना घ्यावा लागतो. कोणती वीजवाहिनी बंद केली, केव्हा बंद केली, कोणाच्या हाती परवाना दिला, हे सर्व त्यात नोंदविलेले असते. प्रवाह बंद झाल्याची खात्री करून घेऊन आणि तारा जमिनीशी जोडूनच लाइनमन कामास हात घालतो. काम संपवून सर्व माणसे खाली उतरली आणि परवाना परत आला, म्हणजेच प्रवाह पुन्हा सोडावयाचा. ह्या परवान्यास ‘लाइन क्लिअर’ असे म्हणतात.

आश्चर्याची गोष्ट अशी, की नेमके हेच दोन शब्द रेल्वेतही आहेत आणि तेथे त्यांचा अर्थ निराळा आहे. एकेरी लोहमार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून, पुढील स्थानकाने ‘लाइन क्लिअर’ दिल्यावाचून मागील स्थानकाने गाडी सोडावयाची नसते. कित्येक मार्गांवर अनेक वर्षे ह्या परवानगीची खूण म्हणून एक धातूचा गोळा चालकाच्या हाती देत. तो गोळा हाती असल्यावाचून गाडी पुढे नेता येत नसे.

दोन्ही अर्थ शेजारी ठेवून पाहावेत. रेल्वेत ‘लाइन क्लिअर’ म्हणजे “मार्ग मोकळा आहे, गाडी येऊ द्या.” विजेच्या कामात ‘लाइन क्लिअर’ म्हणजे “प्रवाह बंद आहे, माणूस वर चढू द्या. आणि सांगेपर्यंत प्रवाह मुळीच येऊ देऊ नका.” एक शब्द वाट उघडणारा, तर दुसरा वाट अडविणारा. शब्द तेच, परंतु आज्ञा उलट! आपापल्या खात्यात हे शब्द नियमांनी नीट बांधलेले आहेत, म्हणून तेथे त्यांपासून धोका नाही. खात्याबाहेर, घाईत, अर्धवट उच्चारलेला शब्द मात्र धोकादायक ठरतो.

मग हा परका शब्द टाकूनच द्यावा काय? तसे करण्याचे कारण नाही. तो सोपा आहे, आटोपशीर आहे आणि लक्षावधी लोकांना समजतो. परंतु त्याच्यामुळे घरचे शब्द मात्र हरवू देऊ नयेत. शेतातील पिकाची ती सरी किंवा तास, जेवावयास बसलेल्या माणसांची ती पंगत, कागदावरची ती रेघ, लिहिलेली ती ओळ, उभ्या माणसांची ती रांग. बजाजनगराजवळच नगर रस्त्यावर पंढरपूर नावाचे गाव आहे. त्याला लोक ‘छोटे पंढरपूर’ म्हणतात. आषाढी एकादशीस तेथील विठ्ठलमंदिरात दर्शनासाठी हजारो भाविक ओळीने उभे राहतात. त्या ओळीला मराठीत किती नेमका शब्द आहे! ‘दर्शनबारी’ असे म्हटले, की केवळ रांगच नव्हे, तर ती कशासाठी आहे हेही कळते. शहरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी मातीच्या नळांतून पाणी आणले, त्या नळवाटेला लोक आजही ‘नहर’ म्हणून ओळखतात. जायकवाडीच्या धरणातून येणाऱ्या पाण्याच्या मार्गाला वर्तमानपत्रे ‘जलवाहिनी’ म्हणतात. ‘जलवाहिनी फुटली’ आणि ‘वीजवाहिनी तुटली’ ही वाक्ये कोठूनही, कोणीही ऐकली, तरी त्यांत संशयास जागा उरत नाही.

सुताराच्या पेटीत एक मोठा हातोडा असतो आणि अनेक बारीक हत्यारे असतात. पुष्कळ कामे हातोड्याने भागतात. म्हणून कोणी बारीक हत्यारे फेकून देत नाही. ‘लाइन’ हा शब्द त्या हातोड्यासारखा आहे. घरात, बाजारात आणि गप्पागोष्टींत तो खुशाल वापरावा. परंतु ऐकणारा दूर असेल, अनोळखी असेल, किंवा त्याचा हात यंत्रात असेल, तेव्हा पूर्ण आणि नेमका शब्द शोधावा. आणि दुसऱ्याने नुसते ‘लाइन’ म्हटले आणि अर्थ पुरता कळला नाही, तर विचारण्याची लाज बाळगू नये. “लाइन म्हणजे कोणती?” हा प्रश्न विचारण्यास क्षणभर पुरतो. त्या एका क्षणाने वेळ वाचतो, भांडण टळते आणि प्रसंगी जीवही वाचतो.

स्वाध्याय

१. ‘लाइन’ ह्या शब्दाचे मूळ चित्र कोणते? ते कोणत्या वनस्पतीशी जोडलेले आहे?

२. ‘शब्द एकटा कधीच बोलत नाही’ ह्या वाक्याचा अर्थ पाठातील दोन उदाहरणे देऊन सांगा.

३. रेल्वेतील ‘लाइन क्लिअर’ आणि विजेच्या कामातील ‘लाइन क्लिअर’ ह्यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.

४. कारागीर खटक्याला कुलूप लावून किल्ली स्वतःच्याच खिशात का ठेवतो?

५. पुढील वाक्यांत ‘लाइन’ ऐवजी योग्य मराठी शब्द घालून वाक्ये पुन्हा लिहा :
(अ) कवितेची शेवटची लाइन पाठ करा.
(आ) तिकिटासाठी मोठी लाइन होती.
(इ) पट्टीने सरळ लाइन काढा.
(ई) वादळात लाइन तुटली आणि गाव अंधारात बुडाले.

६. ‘सूत’ ह्या शब्दापासून तयार झालेले शब्द व वाक्प्रचार पाठातून शोधा आणि प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

७. ‘नंबर’, ‘पॉइंट’ आणि ‘सेट’ हे शब्द तुमच्या घरी व गावात कोणकोणत्या अर्थांनी वापरतात, ते एक आठवडा लक्ष देऊन ऐका आणि वहीत नोंदवा.